बाबा, गिअर पुन्हा स्टिअरिंगवर आलाय

वारजे, पुणे
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलणं होतच नाही म्हणून लिहितेय. गाडीचा विषय निघाला की बाबा दोन वाक्यं बोलतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात. मग आई विचारते, जेवलीस का. परवा तर बाबा एवढंच म्हणाले, "ऑटोमॅटिक? म्हणजे नुसतं बसायचं." आणि मागे टीव्हीचा आवाज वाढला. पत्र काही असं आईच्या हातात देऊन सुटता येणार नाही, कारण तिचा चष्मा तुमच्याच खिशात असतो.

तर गाडी बुक केली. ह्युंदाई आय-२० एन लाइन, म्हणजे आय-२० चीच रेसच्या थाटाची बहीण, ऑटोमॅटिक. पाडव्याला ताब्यात मिळेल. दोन महिने थांबले ते बरंच झालं. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि ही चार मीटरच्या आत, इंजिन ९९८ सीसी, म्हणजे लांबी आणि इंजिन या दोन्ही अटींत बसते. जे वाचले त्यातले बरेचसे मात्र ऑटोमॅटिकनं खाल्ले. मॅन्युअलपेक्षा ती लाखभरानं महाग आहे. हे लाख रुपये मी कशावर उधळले, हाच तुमचा प्रश्न आहे ना?

खरं सांगू, मी मॅन्युअलच घेणार होते, आणि तेही रागाच्या भरात. एका शोरूममध्ये गेले तर तिथल्या मुलानं आधी विचारलं, "मॅडम, सर येतायत का?" सर म्हणजे कोण, ते त्यालाच ठाऊक. मग मी गाडीभोवती एक चक्कर मारली तोवर म्हणाला, "लेडीजना ऑटोमॅटिकच बरी पडते." बाबा, कुंभार्ली घाटात पावसात, समोर उसाचा ट्रक, आणि तुम्ही शेजारी बसून "सेकंड टाक, सेकंड" ओरडताय, अशी मी गाडी शिकलेय. त्या पोराच्या नाकावर टिच्चून मॅन्युअल घ्यावी असं फार वाटलं. घरी आले, चहा केला, आणि लक्षात आलं की त्याला उत्तर म्हणून मी पुढची दहा वर्षं डावा पाय झिजवायला निघाले होते.

त्या पायाचा हिशेब सांगते. एका सोमवारी मी खरंच मोजलं. वारज्याहून निघाले, चांदणी चौक, बावधन, पाषाण, सूस, बाणेर करत वाकडच्या पुलापर्यंत १४३ वेळा क्लच दाबला. सगळ्यात वरचा गिअर एकदाही पडला नाही. पहिला, दुसरा, पहिला, न्यूट्रल, पुन्हा पहिला. यात गाडी चालवण्याचं सुख कुठेय? तुम्ही ज्याला गाडी चालवणं म्हणता ते महिन्यातून एकदा, चिपळूणला येताना होतं. बाकीचे दिवस मी शिवणयंत्र चालवते.

मग ही पॅडलवाली, स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी कशाला, साधी ऑटोमॅटिक घ्यायची, असं तुम्ही म्हणाल. थांबा, तिकडेच येतेय.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नसतो. स्वस्तातली असते एएमटी. तिच्यात तुमचा नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच, फक्त पायाऐवजी मोटर तो दाबते. स्वस्त आणि टिकाऊ, पण प्रत्येक गिअरला मान पुढे जाते. नवशिक्या ड्रायव्हरशेजारी बसल्यासारखं वाटतं. दुसरी टॉर्क कन्व्हर्टरवाली. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लचच नसतो, तेल असतं. इंजिन तेल ढकलतं, ते तेल गिअरबॉक्सकडचं पात्यांचं चाक ढकलतं. हे तुम्हाला मी काय सांगणार, पोफळीच्या वीजकेंद्रात तुमचा जन्म पाण्याच्या जोरावर चाकं फिरवण्यात गेला. मारुती फ्रॉन्क्समध्ये टर्बो इंजिनाला हीच जोड आहे, सहा गिअर आणि वर पॅडलसुद्धा. चालवून बघितली. लोण्यासारखी. आईला तीच आवडली असती. मला मात्र जरा जास्तच लोण्यासारखी वाटली, शिवाय बसायला उंच. मला खाली बसायचं होतं, रस्त्याला चिकटून. आई, "रेसची गाडी कशाला" याचं उत्तर हेच आहे, दुसरं काही नाही. हौस आहे.

मी घेतली ती तिसऱ्या जातीची, डीसीटी. एका पेटीत दोन क्लच. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा आणि सहावा. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. मधला तो खड्डा, जिथं तुम्ही पाय दाबून गिअर शोधता आणि गाडी दम टाकते, तो जवळजवळ नाहीच.

इंजिन तीन सिलिंडरचं, टर्बोवालं, ताकद १२० पीएस, म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर. आपली वॅगन-आर ११०० सीसीची होती आणि ताकद याच्या निम्म्याच्या आसपास. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे फुकट चाललेल्या गरम धुरावर फिरणारं छोटं चाक. त्याच दांड्यावर दुसरं चाक बसवलेलं असतं, ते इंजिनात हवा कोंबतं. मी आधी "पोफळीच्या पेल्टन टर्बाइनसारखं" असं लिहिणार होते, पण तुम्ही लाल पेननं चूक काढली असती. पेल्टनवर झोत आपटतो. इथं धूर कडेनं आत शिरतो आणि मधून बाहेर पडतो, म्हणजे हे खरं कोळकेवाडीच्या फ्रान्सिस टर्बाइनचं भाचरू. बरोबर ना?

आता दोषही सांगते, नाहीतर तुम्ही कुठूनतरी शोधून काढालच. या डीसीटीचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडवलेले नसतात. मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते तापतात. चढावर ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर फार तापतात. तुमचं वाक्य आठवलं, "हाफ क्लचवर गाडी धरणं म्हणजे क्लच प्लेटचा खून." इथं पायाखाली क्लच नसला तरी पाप तेच आहे. उपायही तुमचाच, चढावर थांबलं की ब्रेक, आणि समोर गाडीभर जागा झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. दुसरं म्हणजे सस्पेन्शन साध्या आय-२० पेक्षा कडक आहे. उंब्रज ते पाटण रस्ता जिथं उखडलेला असेल तिथं आईच्या कमरेला ते कळेल. त्याची माफी आत्ताच मागून ठेवते.

आणि आता पॅडल. स्टिअरिंगच्या मागे दोन बाजूंना दोन पट्ट्या. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. हे आलं रेसमधून. १९८९ मध्ये फेरारीनं फॉर्म्युला वनच्या गाडीत पहिल्यांदा असा गिअर लावून शर्यत केली. जॉन बर्नार्ड नावाच्या माणसाची ती गाडी. त्याला गिअरचा दांडा आणि त्याची सळई काढून टाकून कॉकपिट अरुंद करायचं होतं. आधीच्या चाचण्यांत ती सारखी बंद पडायची, आणि ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल तिच्यात जिंकला. हे सगळं मी सेल्समनला सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, यात सनरूफ पण आहे."

पण मला पॅडल रेससाठी नकोत. मला ती कुंभार्लीसाठी हवीत. मी हेळवाकला चहा पिऊन घाट उतरायला लागते तेव्हा तुमचा नियम डोक्यात वाजतो, "ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर." साध्या ऑटोमॅटिकवाले इथंच चुकतात. दांडा 'डी' वर, म्हणजे ड्राइव्हवर टाकतात आणि पोफळीपर्यंत ब्रेकवर पाय. खाली येईतो चाकांना जळका वास, पाय दाबला तर ब्रेक भुसभुशीत. माझ्या मनातली भीती हीच होती, की गाडीनं उतारावर आपल्या मनानं वरचा गिअर टाकला आणि ती सुटली तर? म्हणून टेस्ट ड्राइव्हला मी हट्टानं कात्रजचा जुना घाट घेतला. बोगद्यापर्यंत चढले, वळले, उताराला लागले. चौथ्यात होते. वळणाआधी डावं पॅडल एकदा ओढलं, तिसरा. पुन्हा ओढलं, दुसरा. इंजिननं "घूं" केलं आणि गाडी अशी मागे ओढली गेली की शेजारच्या मुलानं डॅशबोर्डवर हात ठेवला. ब्रेकला मी पाय लावला नव्हता. आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर! वळणाच्या ऐन मध्यावर डावा हात दांड्याकडे न्यावा लागत नाही, हे तुम्हाला कुंभार्लीत किती वेळा हवं होतं ते आठवा. मुद्दाम वेगात असताना पहिला टाकून बघितला, तर तिनं सरळ नकार दिला. इंजिन फाटेल असा गिअर ती घेतच नाही. म्हणजे हुकूम माझा, पण वेडेपणा केला तर कुणीतरी शेजारी बसून "अगं!" म्हणणारं आहे. ओळखीचं वाटलं.

त्या उतारावरच मला आपली पद्मिनी आठवली. बाबा, तिचाही गिअर स्टिअरिंगवरच होता की! डाव्या हातानं तो दांडा ओढून गिअर टाकताना तुमची दोन बोटं नेहमी स्टिअरिंगवर टेकलेली असायची. मी मागच्या सीटवरून बघायचे. नंतर वॅगन-आर आली आणि गिअर खाली गेला, तेव्हा तुम्हीच आठवडाभर कुरकुरत होता की हात रिकामा हवेत जातो म्हणून. आता तो परत वर आलाय. तुम्ही नव्या गोष्टीवर रागावला आहात असं तुम्हाला वाटतंय, पण ही तुमचीच जुनी गोष्ट आहे.

आई, आता तुझ्याशी. अलोऱ्याच्या वसाहतीतलं मैदान आठवतं? मी तिसरीत होते. बाबांनी तुला पद्मिनी शिकवायला घेतली होती. तुझा पाय क्लचपर्यंत पोचेना म्हणून पाठीमागे दिवाणावरची ती क्रोशाच्या अभ्र्याची उशी लावली होती. तू क्लच सोडलास, गाडीनं उडी मारली, बंद. पुन्हा उडी, बंद. तिसऱ्यांदा माझं डोकं पुढच्या सीटवर आपटलं आणि मी हसले. बाबा म्हणाले, "राहू दे, हे तुझं काम नाही." तू काही बोलली नाहीस. "कुकर लावायचाय" म्हणून उतरलीस आणि उशी काखेत मारून चालत घरी गेलीस. नंतर तू ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली मला आठवत नाही. हसल्याचं मला अजून लागतं. बाबांनाही लागत असणार, पण ते बोलणार नाहीत.

स्टिअरिंग तुला येत होतं, आई. वळताना तू एकदाही चुकली नव्हतीस. अडलं होतं ते क्लचवर, आणि या गाडीत पायाखाली क्लचच नाही. ब्रेक सोडलास की ती हळूहळू स्वतःच पुढे सरकते.

पुरात वॅगन-आर गेली त्याला चार वर्षं झाली. २२ जुलैची ती तारीख काढली की बाबा गप्प होतात, म्हणून जास्त लिहीत नाही. पण "आता आम्हाला कुठं जायचंय" हे बोलणं मला पटत नाही. गुहागरला जायचंय. डेरवणला डॉक्टरकडे जायचंय. रिक्षावाल्याच्या वेळेनं किती दिवस जायचं?

शुक्रवारी २४ तारखेला पहाटे पाचला निघते. पाटणला थांबून फोन करेन. बाबा, घाट उतरताना हेळवाकपासून तुम्ही चालवा असं म्हणणार होते, पण त्यासाठी तुम्हाला एसटीनं वर यावं लागेल. याल का? हेळवाकच्या टपरीवर साडेनऊला भेटू.

तुमची,
धाकटी

ता. क. : आई, शिकाऊ लायसन्सला चाळिशीच्या पुढे डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. डोळे तपासून घे. आणि चष्मा बाबांच्या खिशातून काढून स्वतःकडे ठेव. उशी शोधू नकोस, या सीटला वर-खाली करायचा दांडा आहे.