पुस्तक सुचवताना नुसतं नाव नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात ‘सध्या काय वाचताय?’ या विषयावर वाचकांची पत्रं येताहेत. ती यावीतच. पण त्यातली निम्मीशिम्मी पत्रं म्हणजे नावांच्या याद्या आहेत. ‘मृत्युंजय’, ‘छावा’, ‘श्रीमान योगी’, ‘स्वामी’ आणि शेवटी ‘प्रत्येकाने वाचावीत अशी पुस्तके’. या पुस्तकांशी भांडण नाही. मात्र ही नावं ज्याच्या कानावर गेलेली नाहीत असा मराठी वाचक बेळगाव, खानापूर, निपाणीत शोधून सापडायचा नाही, आणि ज्याने ती अजून वाचलेली नाहीत तो आणखी एका यादीमुळे वाचायला बसेल असंही नाही.

पुस्तक सुचवायचं म्हणजे दुसऱ्याच्या आठ-दहा संध्याकाळी मागायच्या. तेव्हा निदान ते पुस्तक त्याला मिळावं आणि सुरू केल्यावर पुरं व्हावं, एवढी तजवीज पत्रातच हवी.

मिळण्यापासून सुरुवात करू. ‘स्वामी’ एवढंच लिहिलं की रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची 1962 सालची कादंबरी समजली जाते. पण जी. ए. कुलकर्णींची ‘स्वामी’ नावाची कथा आहे, ती ‘पिंगळावेळ’मध्ये सापडते, आणि दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. म्हणून नाव पूर्ण, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, आणि प्रकाशक इतकं तरी लिहावंच. अनुवादकाचं नाव तर लोक हमखास गाळतात. मूळ पुस्तक एकच असलं तरी दोन अनुवादांचा मराठीपणा सारखा नसतो. पानसंख्या आपल्या हातातल्या प्रतीची लिहावी, कारण नव्या आवृत्तीत टाइप बदलला की पन्नास-साठ पानं सहज इकडची तिकडे होतात. आतलं शीर्षकपान उलटलं की मागे आवृत्ती, पुनर्मुद्रणाचं साल आणि तेरा आकडी आयएसबीएन असतो. भारतातल्या पुस्तकांचा तो बहुधा 978-81 किंवा 978-93 ने सुरू होतो. दुकानदाराला हा आकडा सांगितला की पुण्याहून भलतीच आवृत्ती येत नाही. संक्षिप्त आवृत्ती असेल तर तसं स्पष्ट लिहा. जाड कादंबऱ्यांच्या बाबतीत पुष्कळांना आपण संक्षिप्त वाचली हेच ठाऊक नसतं.

खपाऊ पुस्तकांच्या चोरट्या छपाईच्या प्रतीही सर्रास मिळतात, फुटपाथवर आणि ऑनलाइनही. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं. चोरट्या प्रतीत फर्मा गळतो किंवा उलटसुलट लागतो, मग 176 नंतर एकदम 193 वं पान येतं. पैसे देण्यापूर्वी दर सोळा पानांनी एकदा पानाचा आकडा बघून घ्यावा. मजकूर पानावर तिरका बसलेला, कव्हरचा रंग फिकट आणि पुस्तक सपाट उघडताच गोंदाचा कडकड आवाज, ही बाकीची लक्षणं. निम्म्या किमतीला नवं कोरं पुस्तक का मिळतंय, हा प्रश्न तर पहिल्यांदाच पडायला हवा.

आता पुरं होण्याविषयी, आणि इथे आपल्याच मातीतल्या लेखकापासून बोललं पाहिजे. जी. ए. कुलकर्णी जन्माने एकसंब्याचे, शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडला. ‘जी. ए. वाचा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात, कुठून सुरुवात करायची ते कुणी सांगत नाही. नवा वाचक मग नावाजलेलं म्हणून ‘रमलखुणा’ उचलतो. त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा दोनच दीर्घकथा आहेत, दोन्ही रूपकाच्या अंगाने जाणाऱ्या. विसाव्या पानावर पुस्तक मिटतं आणि जी. ए. ‘अवघड’ ठरतात. सुरुवात ‘माणसे: अरभाट आणि चिल्लर’पासून करावी. त्यात गावातली माणसं आहेत, लहानपण आहे, हसूही आहे. त्यानंतर ‘निळासावळा’ (1959) किंवा ‘पारवा’ (1960). मग ‘पिंगळावेळ’ घ्यावं, पण पहिल्या पानापासून नको, आधी ‘कैरी’ ही कथा. तीवर अमोल पालेकरांनी चित्रपट केला आहे, तो मागाहून पाहावा. ‘काजळमाया’ (1972) त्यानंतर. त्यातली ‘विदूषक’ एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नये, ती कथा दोन संध्याकाळी खातेच. ‘रमलखुणा’ सगळ्यात शेवटी. आणि एका आठवड्यात एकापेक्षा जास्त जी. ए. नको. सलग वाचले की सगळ्या कथांवर एकच काळोख पसरल्यासारखा वाटतो, आणि त्यात दोष कथांचा नसतो.

ज्यांना तो काळोख सोसत नाही त्यांच्यासाठी जी.एं.नी केलेले कॉनरॅड रिक्टरचे अनुवाद आहेत. ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ याच क्रमाने. जंगल तोडून वस्ती करणाऱ्या एका कुटुंबाची ही गोष्ट अमेरिकेतली आहे, पण शेती कळणाऱ्या माणसाला कुठे अडायला होत नाही. पत्रव्यवहाराची आवड असेल तर जी.एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड, म्हणजे सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रं, आणि सुनीताबाईंचं ‘प्रिय जी. ए.’ ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून तारखांप्रमाणे आलटून पालटून वाचावीत. एकटं एक वाचलं तर संभाषणाची एकच बाजू ऐकू येते.

प्रकाश संतांच्या कथांमधला शाळकरी लंपन आता वेब मालिकेमुळे घरोघरी पोचला. पुस्तकं चार: ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. कथा सुट्या वाचल्या तरी चालतात, पण क्रम मोडू नये, कारण मुलगा पुस्तकागणिक मोठा होत जातो आणि ‘झुंबर’मधलं दुःख आधी कळलं तर ‘वनवास’ची मजा जाते. त्यातलं कन्नड वळणाचं मराठी आपल्याला टीपा न देता कळतं. पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा इतकी सवलत आपल्याला आहे, ती वापरावी. मोठ्याने वाचण्यासाठी यापेक्षा चांगलं पुस्तक सुचत नाही. पु. लं.चा ‘रावसाहेब’ मात्र आधी त्यांच्याच आवाजात ऐकावा आणि मग ‘गणगोत’मध्ये वाचावा. बेळगावी बोलण्याचा ठेका छापील ओळीत एकदम पकडता येत नाही.

प्रकाश संतांच्या आई, कवयित्री इंदिरा संत, बेळगावच्याच. ‘गर्भरेशीम’ला 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात. ‘मेंदी’ आणि ‘मृगजळ’ आधी वाचले तर ‘गर्भरेशीम’मधली शांतता कुठून आली ते कळतं. दिवसाला दोन कविता, जास्त नको.

जोडीने वाचायची आणखी दोन पुस्तकं: रणजित देसाईंची ‘बारी’ आणि भीमराव गस्तींचं ‘बेरड’. समाज एकच, बेरड. पहिलं पुस्तक बाहेरून पाहणाऱ्या कादंबरीकाराचं, दुसरं बेळगावजवळच्या यमनापुरात वाढलेल्या माणसाचं आत्मकथन. ‘बारी’ आधी वाचावी. उलट क्रमाने वाचलं तर कादंबरी फारच सजवलेली वाटते आणि देसाईंवर थोडा अन्याय होतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलींविषयी राजन गवसांचं ‘चौंडकं’ आणि जोगत्यांविषयी ‘भंडारभोग’. दोन्ही मोठ्यांसाठी. शाळकरी मुलांच्या यादीत ही नावं घालताना पाहिली आहेत, तसं करू नये. आनंद यादवांचं ‘झोंबी’ निपाणीकरांना कागलच्या शेजारधर्माने माहीत असतंच. त्याच्या पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ आहेत हे मात्र सांगावं लागतं.

अनुवादाकडे वळतो, कारण सीमाभागाच्या वाचकाने सर्वांत जास्त लिहावं असं क्षेत्र हेच, आणि पत्रांत त्याचा मागमूस नाही. उमा कुलकर्णी जन्माने बेळगावच्या. कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं बरंचसं मराठीत आलं ते त्यांच्यामुळे. लोक भैरप्पा म्हटलं की महाभारतावरची ‘पर्व’ सुचवतात आणि तिथेच घात होतो. जाडजूड पुस्तक, सुरुवात मद्र देशातल्या म्हाताऱ्या शल्याच्या घरातून. कृष्ण-अर्जुनाची वाट बघत बसलेला वाचक कंटाळतो. ‘वंशवृक्ष’पासून सुरू करा. नंजनगूडचे श्रोत्री आणि त्यांची विधवा सून कात्यायनी, पात्रं मोजकी, प्रश्न थेट. त्यानंतर ‘पर्व’ घेताना एका चिठ्ठीवर कुरूंची वंशावळ आणि कोण कुणाकडून लढतो ते लिहून तीच चिठ्ठी खूण म्हणून पुस्तकात ठेवावी. शल्याचं प्रकरण ओलांडून कुंतीपर्यंत पोचलेला वाचक सहसा मागे फिरत नाही. गाणं ऐकणाऱ्यांनी ‘मंद्र’ वाचावी. त्यातला गवई मोठा आहे आणि माणूस म्हणून सहन होत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासून इतक्या जवळ राहून ही कादंबरी आपल्याकडे कमी वाचली जाते, याचं नवल वाटतं. गिरीश कार्नाडांचं आत्मकथन ‘खेळता खेळता आयुष्य’ हेही उमाताईंच्याच अनुवादात आहे. त्यातली शिरसी आणि धारवाडची पानं सर्वांत सरस.

शाळेत कन्नड शिकलेली आपली तरुण मुलं कन्नड पाट्या वाचतात, पुस्तक वाचत नाहीत. त्यांच्यासाठी एक रीत सांगतो. पूर्णचंद्र तेजस्वींची ‘कर्वालो’ ही छोटी कन्नड कादंबरी घ्यावी. प्रकरण आधी मराठीत वाचावं, दुसऱ्या दिवशी तेच कन्नडमध्ये. अडतं ते बहुधा अक्षराखाली लटकणाऱ्या ओत्तक्षरांपाशी, म्हणजे जोडाक्षरातल्या दुसऱ्या व्यंजनापाशी, शब्दांपाशी कमी. म्हणून पहिली दहा पानं मोठ्याने वाचावीत. एका पानाला पाचाहून जास्त शब्द कोशात बघू नयेत, नाहीतर गोष्ट निसटते. हे जमलं की कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या कथा. 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर ‘हार्ट लॅम्प’ या बारा कथांच्या इंग्रजी अनुवादाला मिळालं. कन्नड येणाऱ्या बेळगावकराने इंग्रजी प्रतीसाठी पैसे मोजण्याचं कारण नाही.

लहान मुलांसाठी एकच नाव लिहितो, जी.एं.चं ‘बखर बिम्मची’. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. त्यांना पहिल्या दिवशी दोन पानंच आपण वाचून दाखवावी आणि पुस्तक हाताशी ठेवून द्यावं. परीक्षा घेतल्यासारखं ‘काय कळलं सांग’ म्हणू नये.

पुस्तकं बघून, चाळून घ्यायची असतील तर हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबऱ्याची ग्रामीण साहित्य संमेलनं आहेतच. मंडपाबाहेरच्या विक्रीच्या टेबलांवर सकाळी ग्रंथदिंडी चालू असताना जावं, तेव्हा गर्दी नसते आणि विक्रेता बोलायला मोकळा असतो. संध्याकाळी प्रती संपतात, सवलत मात्र थोडी वाढते. ज्याने त्याने ठरवावं. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या 1848 पासूनच्या संस्थेत जुन्या आवृत्त्या असतात. तिथे लेखकाच्या नावाने मागण्यापेक्षा पुस्तकाचं पूर्ण नाव आणि प्रकाशक लिहिलेली चिठ्ठी देवघेवीच्या टेबलावर दिली तर काम लवकर होतं.

संपादक महोदय, विनंती दोन. या पत्रांखाली प्रकाशक, पानं आणि ‘कुठून सुरुवात करावी’ एवढ्यासाठी ठरलेली एक ओळ ठेवावी. आणि वाचकांना निपाणीच्या महादेव मोरे यांच्याविषयी विचारावं. पिठाची गिरणी चालवत त्यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, मेस्त्री यांच्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या. ‘एकोणिसावी जात’, ‘झोंबडं’ यांच्या चांगल्या, पूर्ण फर्म्यांच्या प्रती कुणाच्या घरी किंवा गावच्या वाचनालयात असतील तर आवृत्तीच्या सालासह कळवावं. वाचायला मागणारे आहेत.

आपला,
देवघेव विभागात बसणारा एक वाचक
खानापूर, जि. बेळगाव