टीव्हीमागे चिकटवून ठेवायचं पत्र

स्विंडन (इंग्लंड),
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी रिमोट माझ्या तोंडासमोर नाचवला आणि "हा गेला" असं जाहीर करून टाकलं. तो गेलेला नाही. फोनवर सांगायला लागलो की तुम्ही दोघं एकदम बोलता, म्हणून लिहितोय. दादाकडून प्रिंट काढून घ्या.

आधी खणातले तीन रिमोट वेगळे करा. ज्यांच्यावर आकडे आहेत ते दोन, एक टीव्हीचा आणि एक सेट-टॉप बॉक्सचा. फायर टीव्ही स्टिकचा (टीव्हीला मागून खोचलेली ती काडी) रिमोट तो काळा, सडपातळ, तोच तुमचा "गेलेला": आकडे नाहीत, मध्ये गोल कडं, वर माइकचं बटण.

आता मुख्य गोष्ट. आई म्हणाली, "आवाज कमीजास्त होतो, पण पडदा जागचा हलत नाही." आई, अर्धं निदान तूच केलंस! त्या एका रिमोटमध्ये दोन तऱ्हा आहेत. आवाजाची आणि टीव्ही चालू-बंद करायची बटणं इन्फ्रारेडवर चालतात, म्हणजे त्यांचा प्रकाश टीव्हीपर्यंत पोचावा लागतो. बाण, होम, मागे जायचं बटण हे सगळं ब्लूटूथवर, थेट स्टिकशी. आवाज बदलतोय म्हणजे सेल अगदीच संपलेले नाहीत, फक्त स्टिकशी जोडणी तुटली आहे. तेव्हा देवाला फूल वाहिल्यासारखा रिमोट टीव्हीच्या नाकाशी नेऊन बाण दाबण्यात अर्थ नाही. ब्लूटूथला दिशा लागत नाही, पलंगावरून दाबलंस तरी चालेल.

उपाय: सेल नवीन घाला, जुना आणि नवा अशी जोडी नको. स्टिकची वायर भिंतीतल्या सॉकेटवरून काढा, मिनिटभर थांबा, परत लावा. पडद्यावर चित्र आलं की होमचं बटण (घराचं चित्र) दहा सेकंद दाबून धरा. बाबा, दहा म्हणजे दहा. तुम्ही चारालाच सोडता. नाही जमलं तर पुन्हा एकदा.

आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला नवा रिमोट परत करायला धावू नका. त्यावर माइक असेल तर तोही ब्लूटूथचाच, आणि नवा असला तरी आधी असाच जोडावा लागतो. दुकानदाराशी भांडून आलात ते फुकटच. सावंतवाडीच्या मामांचा रिमोट मात्र परीक्षेला आणू नका. त्याला आवाजाची बटणंच नाहीत, ती जातच वेगळी. त्यावरून आपल्या टीव्हीचं काहीच कळणार नाही.

बाबांना खात्री हवीच असेल तर मोबाइलचा कॅमेरा उघडून (सेल्फीचा चांगला) रिमोटचं टोक समोर धरा आणि आवाजाचं बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. बाण दाबल्यावर दिसणार नाही, तो बिघाड नव्हे.

तोवर काम अडत असेल तर टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटचे बाण दाबून बघा. एचडीएमआय-सीईसी (टीव्ही आणि स्टिकने एकमेकांचं ऐकायची सोय) चालू असेल तर पुष्कळ टीव्हींवर स्टिक त्यालाही ऐकते. पण आपल्या त्या रिमोटच्या स्प्रिंगवर पावसाळ्यात हिरवा थर चढला होता, गेल्या चवथीला मीच पाहिलाय. सेल काढून ठेवा, कापसाच्या बोळ्यावर शेजारच्या आंटींकडचं माडाचं व्हिनेगर घेऊन पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच सेल घाला. व्हिनेगर आणायला गेलीस की तिथेच गप्पा मारत बसू नकोस.

माटोळीसाठी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची चौकट) नारळ-सुपारी जमवायच्या गडबडीत हे राहून जाईल, म्हणून चवथीच्या आधीच करून टाका. पाहुण्यांसमोर परत "हा गेला" नको.

जमलं की मिस कॉल द्या. इथलं घड्याळ साडेचार तास मागे आहे आणि माझी रात्रपाळी तुमच्या सकाळी अकराला सुटते.

तुमचा,
बाळू