बाई, तो अंगठा तुमचा आहे

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

मे महिन्यात तुम्ही निवृत्त झालात. समारंभात गर्दीत बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, म्हणून उघडच लिहितोय.

गोवंडीतल्या जरीच्या कारखान्यांत मी कॅमेरा घेऊन हिंडत होतो, तेव्हा मला एकच माहीत होतं: चेहरा हवा, पाणावलेले डोळे हवेत. एका संपादकांनीही तेच मागितलं होतं. तुम्ही विचारलंत, "हा पोरगा उद्या पंचविशीचा होईल, तेव्हा हा फोटो त्याला चालेल का रे?" अल्पवयीन पीडित मुलाची ओळख छापणं हा २०१५च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी नंतर वाचलं. तुमचा प्रश्न मात्र त्याआधीच मनात रुतला होता.

मग तुम्ही माझ्याबरोबर त्या पोटमाळ्यावर आलात. गुडघे दुखत असताना, त्या लोखंडी शिडीवरून. अड्ड्याभोवती, म्हणजे जरीकामाच्या लाकडी चौकटीभोवती, मांडी घालून बसलेली पोरं, वर ताठ उभंही राहता येऊ नये इतकं खाली छप्पर. मालक म्हणाला, "पुतण्या आहे, घरचंच काम." बालकामगारांविषयीचा १९८६चा कायदा २०१६मध्ये बदलला, तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यात हातभार लावायची मुभा आहे, पण ती शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, धोकादायक कामात तर तीही नाही. हे तुम्हाला पाठ होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला वर्गात बोलावून हजेरीपट उघडलात. दिवाळीनंतर त्याच्या ओळीत एकही हजेरी नव्हती. नावावर अंगठा ठेवलात आणि म्हणालात, "आता काढ."

लुईस हाइन अमेरिकेत १९०८पासून गिरण्यांतल्या मुलांचे फोटो काढत फिरला. कोटाच्या बटणांवरून तो पोरांची उंची मापायचा आणि वय, कामाचे तास खिशातल्या कागदावर टिपून ठेवायचा. त्याच्या फोटोंना वजन आलं ते त्या टिपणांमुळेही. तरीही तिथे टिकणारा देशव्यापी कायदा यायला १९३८ उजाडलं. माझं टिपण म्हणजे तुमचा हजेरीपट. तो नसता तर माझा फोटो नुसता करुण झाला असता आणि मालकाचं "घरचंच काम" खरं ठरलं असतं.

१०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोनही तुम्हीच लावलात. पुढे महिनाभर खेटे घातलेत, पोराच्या आईशी बोलत राहिलात. तिला कुणी गुन्हेगार म्हटलेलं तुम्हाला खपलं नाही, तेही मी पाहिलं.

शाळेच्या सभागृहात आपण दोनच फोटो शेजारी लावले होते: सुईने टोचलेली बोटं आणि तो हजेरीपट. पालक बोटांसमोरून लवकर पुढे सरकत, हजेरीपटासमोर मात्र थांबत. ते पान त्यांच्या ओळखीचं होतं.

सोबत हजेरीपटाच्या त्या फोटोची मोठी प्रत पाठवतोय. एवढ्या आकारातही नाव कुठून दिसत नाही ना, हे मी दोनदा तपासलंय. तुम्हीही एकदा चष्मा लावून बघा.

तुमचा विद्यार्थी