देव बघून घेईल म्हणलं की फजिती होते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आजकाल धर्मादाय रन देवळाच्या आवारातून सुरू करतात, टाळ-मृदंग काय, जयघोष काय, समाजकार्यात देव कशाला आणायचा. नाव घेतलं नव्हतं पण ते आमच्याच रनबद्दल होतं हे फलटण तालुक्यात शेंबड्या पोरालाही कळलंय, म्हणून उत्तर द्यायला बसलोय. मी त्या आयोजकांपैकी एक. मेडिकलचं दुकान चालवतो, आयुष्यात कधी बस पकडण्याशिवाय पळालेलो नाही, आणि वाचकाचं म्हणणं मला निम्मं पटलंय. कुठलं निम्मं ते सांगतो.

आधी हे सगळं कशासाठी केलं ते सांगतो, कारण तुमच्या बातमीत ते एका ओळीत उरकलंय. किडनीच्या पेशंटला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागतं, एका वेळी चार तास. २०१६ पासून केंद्र सरकारची डायलिसिसची योजना आहे, गरिबाला सरकारी दवाखान्यात मशीनवर घेतात, त्याचे पैसे लागत नाहीत, हे सगळं खरं. पण वाडीवस्तीवरच्या माणसाला मशीनपर्यंत पोचायला पैसे लागतात ना. एसटीत सवलत असली तरी पहाटेचा नंबर लागला तर त्या वेळेला एसटी कुठाय, आणि परत येताना बीपी खाली आलेलं, पायात गोळे, तसा माणूस उभ्यानं एसटीत कसा येणार? मग जीप सांगावी लागते. दुकानात माझ्यासमोर लोक हिशोब करतात, या खेपेला जायचं का पुढच्या. एक खेप चुकवली की काय होतं ते मला माहितीये आणि त्यांनापण. तर रन होती या गाडीभाड्यासाठी. मशीनसाठी नाही, इमारतीसाठी नाही. फक्त गाडीभाडं आणि सोबत आलेल्या माणसाचा डबा.

आता देवाचं. आमच्याकडं जूनच्या आसपास माउलींची पालखी येते, तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब आहे तिथं पहिलं उभं रिंगण होतं, फलटणला मुक्काम पडतो. लाखो माणसं येतात, जेवतात, झोपतात, पहाटे निघून जातात. मग आम्ही साडेचारशे माणसांच्या रनसाठी स्वयंसेवक कुठून आणायचे? कॉलेजात नोटीस लावली होती, अकरा पोरं आली, त्यातली सहा सेल्फी काढून गेली. शेवटी दिंडीतल्या आण्णांकडं गेलो. आण्णा म्हणले किती माणसं पाहिजेत, मी म्हणलं साठ, ते म्हणले किती वाजता, मी म्हणलं पहाटे चारला. बास, एवढंच बोलणं झालं. त्यांनी एकदाही विचारलं नाही की टीशर्ट मिळणार का.

त्या पत्र लिहिणाऱ्या वाचकाला मला एवढंच विचारायचंय की जानेवारीच्या थंडीत पहाटे चारला स्टीलचे ग्लास घासायला दुसरं कोण येतं, सांगा. हो, स्टीलचे. कागदी कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो, २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे, आणि मागच्या एका रनला (आमची नव्हे) सगळ्या उसाच्या कडेला कप उडालेले मी स्वतः बघितलेत. दिंडीकडं पंगतीचे ग्लास होतेच, दोन बायका घासणार, एक विसळणार, एक भरणार. पळणाऱ्याला थांबून पाणी प्यावं लागलं हे खरं, काही जण त्यावर कुरकुरले. थांबा की दोन मिनिटं, कुठं ऑलिम्पिक आहे.

आणि नुसती दिंडीच होती असं नाही. फलटणला जैन समाज मोठा आहे, एका पाणपोईचं काम त्यांच्या तरुण पोरांनी घेतलं आणि ते पाणी उकळून, गाळून, गार करून आणलेलं, आदल्या रात्रीपासून पातेली चढवलेली. मी डॉक्टर नाही पण औषधं विकतो, त्यामुळं खात्रीनं सांगतो की सगळ्या रूटवर सगळ्यात भरवशाचं पाणी तेच होतं. चौथ्या किलोमीटरला मशीद आहे, तिथली पोरं म्हणाली आम्ही पहाटेची नमाज करून येणार, तर आम्ही त्यांना त्यांच्याच दारातला पॉइंट दिला, सव्वासहाला टेबल लागलं होतं, पहिला पळणारा तिथं पोचायच्या कितीतरी आधी. संक्रांत नुकतीच झालेली, शेवटी प्रत्येकाला तिळाची वडी. एनर्जी बार म्हणून जे विकतात त्यात दुसरं काय असतं ओ?

इथवर त्या वाचकाचं म्हणणं मला पटत नाही. आता पटतं ते निम्मं. श्रद्धेनं माणसं दिली, पण जिथं जिथं आम्ही "देव बघून घेईल" म्हणलो, तिथं तिथं आमची फजिती झाली, अगदी एकूण एक ठिकाणी.

पहिलं म्हणजे अंतर. दहा किलोमीटर सांगितलेलं, मी स्वतः मोटारसायकलच्या मीटरवर मोजलं, कुणीतरी म्हणलं परत मोजूया का, मी म्हणलं एवढं काय, माउली आहेत. भरलं दहा किलोमीटर आठशे मीटर. ज्यांच्या हातात जीपीएसची घड्याळं होती ते शेवटच्या वळणावर काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. नंतर कळलं की मोठ्या स्पर्धांचं अंतर सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजतात आणि कमी पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. एक मीटर! आम्ही ऐंशी धरला.

दुसरं ॲम्ब्युलन्स. १०८ आहे की, असं सगळेच म्हणत होते. १०८ फोन केल्यावर येते, पण आपल्या कार्यक्रमाला चार तास उभी ठेवायला ती नाही, ती ज्याला लागेल त्याची आहे. हे आदल्या दिवशी दुपारी डोक्यात शिरलं. मग एका खाजगी दवाखान्याच्या पाया पडून गाडी मिळवली. कुणाला काही झालं नाही, एकाचा पाय मुरगळला तेवढाच, पण झालं असतं तर आम्ही काय केलं असतं या विचारानं मला अजून रात्री जाग येते.

तिसरं पैसे, आणि हे मोठं आहे. देवळात एक डबा ठेवला होता, कुलूप नव्हतं, सील नव्हतं, कारण देवाच्या दारात कोण चोरी करणार. चोरी झालीच नाही. पण शनिवारी रात्री केळी कमी पडली म्हणून आमच्यातल्याच एकानं डबा उघडून रोख काढली, केळी आणली, पावती हरवली, आणि मोजताना रक्कम जुळेना. चार दिवस तालुक्यात जी कुजबुज झाली ती सहन करणं दहा पॉइंट आठ किलोमीटर पळण्यापेक्षा अवघड. माणूस प्रामाणिक आहे, मी त्याला तीस वर्षं ओळखतो, पण त्याचा प्रामाणिकपणा मला माहिती असून काय उपयोग, ज्या बाईनं डब्यात दहाची नोट टाकली तिला कसा माहिती असणार? आता डब्याला तीन जणांच्या सहीची कागदी पट्टी असते, तिघंजण वेगवेगळ्या आळीचे, आणि मोजणी चावडीवर.

जाता जाता, जे कुणी असं काही करायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. रजिस्टर ट्रस्ट नसताना लोकांकडून धर्मादाय कामाला पैसे गोळा करायचे तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात ४१ क नावाचं कलम आहे, ते आधी वाचा, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात आधी विचारा, मंडळाच्या नावाचं पावतीपुस्तक छापलं म्हणजे झालं असं नसतं. आम्ही शेवटी एका नोंदणी असलेल्या ट्रस्टच्या खात्यातून सगळं केलं. आणि रनची एंट्री फी म्हणजे देणगी नव्हे, तिच्या बदल्यात तुम्ही टीशर्ट, मेडल देताय, तिच्यावर ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सूट, सांगू नका. देणगी वेगळी, तीही रोख दोन हजारांच्या वर असेल तर सूट नाही. आमच्या पोस्टरवर "संपूर्ण रक्कम करमुक्त" असं छापलं होतं, एका सीए पोरीनं फोन करून झापलं तेव्हा त्याच्यावर कागद चिकटवत फिरलो.

बक्षिसावरूनही लय वाद झाला. काहींचं म्हणणं एकवीस हजार ठेवा, बाहेरचे पळणारे येतील. मी आणि अजून दोघं म्हणलो बक्षीस नको, नंबरच नको. मला कॅनडाचा तो टेरी फॉक्स आठवत होता, कॅन्सरनं पाय गेलेला पोरगा, १९८० साली नकली पायावर रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढं पळाला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर, मग कॅन्सर फुफ्फुसात गेला म्हणून थांबला आणि पुढच्या वर्षी वारला, वय बावीस. त्याच्या नावानं १९८१ पासून जी रन होते तिच्यात पहिला-दुसरा काढत नाहीत. पण भरतीची तयारी करणारी पोरं माझ्यावर उखडली, आणि त्यांचंही बरोबर होतं. त्यांचं म्हणणं, काका तुमचं पोट भरलेलं आहे, आम्ही पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी रोज पळतो, बुटाचे पैसे या गावोगावच्या स्पर्धांच्या बक्षिसातून येतात. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत गेली, अशा भागात पळणं ही हौस नसते, ती वाट असते. शेवटी आम्ही रोख बक्षीस नाहीच दिलं, पण एका दुकानदारानं गरजू दहा पोरापोरींना बूट दिले, नंबर न बघता. यानं सगळ्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळं खरं तर मी हे पत्र लिहितोय. पालखीत रोज मुक्कामाला समाज आरती होते. चोपदार दंड वर करतात आणि एवढा लाखाचा समाज गप्प होतो, ज्यांनी बघितलंय त्यांच्या अंगावर आत्ता वाचतानासुद्धा काटा येईल. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडं जातात, ऐकून घेतात, मिटवतात, मग तो टाळ थांबतो. आण्णांनी आमच्या मीटिंगला एक टाळाची जोडी आणून मध्ये ठेवली, म्हणले ज्याची तक्रार आहे त्यानं वाजवायचं, ऐकून घेतल्याशिवाय थांबायचं नाही. आम्ही हसलो. दोन मीटिंगा टाळ तसेच पडून.

तिसऱ्या मीटिंगला भरतीच्या ॲकॅडमीतली एक पोरगी उठली, उचलले आणि वाजवायला लागली. सगळे बघताहेत. अध्यक्ष म्हणले बोल की बाळा. ती थांबेना, वाजवतेच आहे, मग सगळे खरंच गप्प झाले तेव्हा बोलली, की दहा किलोमीटरच्या रूटवर बायकांसाठी एक पण संडास नाहीये, तुम्ही केळी किती डझन यावर पाऊण तास बोललात. खोलीत आम्ही अठरा जण होतो, त्यात बायका तीन, आणि त्या तिघींनी एकमेकींकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळातल्या मावशी रूटवरच्या घरोघरी गेल्या आणि सात घरांनी दारं उघडी ठेवायचं कबूल केलं, दारावर पांढरं फडकं बांधायचं ही खूण. एका आजींनी तर आत चहा करून ठेवला होता, तीन-चार जणी तिथंच रमल्या, त्यांची वेळ काय लागली विचारू नका.

म्हणजे बघा, देव आणला म्हणून आमचं काही बिघडलं नाही. स्टेजवर आरती आम्ही केलीच नाही, त्यावर दोन दिवस भांडण होऊन ठरलं होतं की ज्याला पाया पडायचंय त्यानं देवळात जाऊन पडावं, बाकीच्यांनी वॉर्मअप करावा. टाळ-मृदंगवाले सहाव्या किलोमीटरच्या चढावर उभे होते, तिथं त्यांची खरी गरज होती. बिघडलं ते आमच्या आळसामुळं, आणि त्या आळसाला आम्ही देवाचं नाव दिलं होतं. पत्र लिहिणाऱ्या वाचकानं यावर बोट ठेवलं असतं तर मी हे उत्तर लिहिलंच नसतं, उलट त्यांना पुढच्या मीटिंगला बोलावलं असतं. अजूनही बोलावतो, या, टाळ तिथं ठेवलेलेच आहेत.

शेवटी तुमच्याबद्दल एक तक्रार, राग मानू नका. तुमच्या बातमीत "हजारो धावपटूंचा उत्स्फूर्त प्रतिसाद" असं आलंय. साडेचारशे होते, त्यातले तीसेक जण मधूनच मोटारसायकलवर बसून आले, मी मोजलेत. फोटोत जे सहा पाहुणे आहेत त्यातले चार झेंडा दाखवून नाष्ट्याला गेले. ग्लास घासणाऱ्या बायकांचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, त्यांना विचारून घेतलंय, त्या हो म्हणल्यात, पाठवू का? आणि जमाखर्चाचा कागद देवळाच्या, मशिदीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलाय, केळ्यांची हरवलेली पावती "हरवली" असं लिहून. जागा असेल तर तो पण छापा.

आपला एक वाचक,
फलटण तालुका