ब्रेसेस चिकटवतात तो डिंक

सांगली

प्रिय वैशू,

काल फोनवर धड बोलता आलं नाही, कुकर आणि ओंकार दोघे एकदम ओरडत होते. "दातावर प्लॅस्टिक चिकटवणार, ते पोटात गेलं तर?" असं तू तुझ्या चिऊच्या ब्रेसेसबद्दल विचारलंस, ओंकारच्या वेळी गेल्या वर्षी मीही हेच विचारत होते.

तो डिंक म्हणजे रेझिन. आधी दातावर निळं जेल लावतात, ३७ टक्के फॉस्फरिक ॲसिड! ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. पण ते अर्ध्या मिनिटात धुऊन टाकतात. वाळवलेला दात खडूसारखा पांढरा दिसतो, त्यावर ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचा छोटा तुकडा, ठेवून निळ्या लाईटने रेझिन कडक करतात. गोम इथेच आहे. हवा लागते तो वरचा पातळ थर नीट कडक होतच नाही, आणि लाळेत काही उतरलं तर ते मुख्यतः त्या कच्च्या थरातून, सुरुवातीलाच. म्हणून ब्रॅकेटच्या कडेचं जास्तीचं रेझिन पुसायला सांग आणि चिऊला तिथंच चांगली अर्धा मिनिट चूळ भरून थुंकायला लाव. ओंकारला पहिल्या दिवशी कुणी सांगितलंच नाही, पोरगं सगळं गिळत घरी आलं. मी आठवडाभर धुसफुसत होते.

तू म्हणतेस ते बीपीए (बिस्फेनॉल-ए, प्लॅस्टिक बनवायला वापरतात ते रसायन) त्यात मुद्दाम घालत नाहीत, बनवताना अंश राहतो. पण बिस-डीएमए नावाचा घटक असलेलं रेझिन लाळेने फुटून बीपीए सुटतं, बिस-जीएमए तसं सहज फुटत नाही. तेवढं पाकीट बघायला माग. लाजू नकोस. अंश थोडा असतो हे खरं, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. त्यामुळे "काही होत नाही हो" म्हणून हसण्यावारी नेणारा डॉक्टर मला नको वाटतो. म्हणून ब्रेसेसच नकोत असं मात्र नाही हं, चिऊचे दात बघितलेत मी.

आणि खोट्या रिंगांनी तिचे कान चिघळतात ना? ते बहुधा निकेल. स्टीलच्या ब्रॅकेटमध्ये, तारेतही ते असतं. डिंकाआधी हे सांग.

ब्रेसेस काढताना उरलेलं रेझिन घासतात, त्याची धूळ उडते. तेव्हा पाणी आणि सक्शन चालू आहे ना, तेवढं बघ.

आमच्याकडे खरा वैरी भडंग निघाला. त्यातल्या शेंगदाण्याने आठ दिवसांत ब्रॅकेट उडालं, म्हणजे परत ॲसिड, परत डिंक. आता डबा माळ्यावर आहे. येताना साताऱ्याचे कंदी पेढे आण, तेवढे चालतात त्याला.

तुझी,
मंगल