रविवारची बैठक : रोजच्या कामांचा सराव

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता दादरला, आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये भेटू. विषय : सुरुवातीच्या अल्झायमरमधलं कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशन. हे स्मरणशक्तीचे खेळ नव्हेत आणि याने आजार बराही होत नाही. पेशंटला स्वतःला महत्त्वाचं वाटणारं एखादं काम निवडून ते छोट्या पायऱ्यांनी बसवतात. गोळ्यांच्या डबीवर वार लिहिणं, गॅसपाशी चिठ्ठी लावणं, नातवाचं नाव फोटोसोबत पुन्हापुन्हा घेणं, असं.

- आपल्या माणसाला बरोबर आणा. काम त्यांनीच निवडायचं, आपण नाही.
- चष्मा, कानाचं मशीन आठवणीने घ्या.
- मेगाब्लॉक बघून निघा.

आणि कळकळीची विनंती, तिथे कुणालाही "आठवतंय का?" विचारू नका. त्या प्रश्नाने चेहरा कसा उतरतो, आपण रोज पाहतो.