आजीसाठी पाठवायच्या गेमविषयी

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तोक्योतील जुन्या वस्तूंच्या दुकानातून आजीसाठी निन्टेंडो डीएस हे हातात धरून खेळायचे यंत्र आणि त्यावरचा मेंदूच्या व्यायामाचा गेम घेण्याचा तुझा विचार तुझ्या आईकडून समजला. आजीचा विसर वाढला आहे, त्यामुळे तुझी काळजी रास्तच आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार कर.

तोहोकू विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ र्‍युता कावाशिमा यांच्या पुस्तकावरून बेतलेला हा गेम मे २००५ मध्ये जपानमध्ये आला. यंत्र पुस्तकासारखे उभे धरायचे, झटपट बेरजा-गुणाकार सोडवायचे, उतारा मोठ्याने वाचायचा, लिहिलेला शब्द न वाचता त्याच्या अक्षरांचा रंग सांगायचा, आणि शेवटी गेम आपल्या ‘मेंदूचे वय’ सांगतो. त्यात २० हे सर्वोत्तम. एरवी गेमकडे ढुंकूनही न पाहणारी वयस्क माणसे त्याकडे वळली, ती या आकड्यामुळेच असावीत. माझ्या मते ती विक्रीची हुशारी अधिक आणि वैद्यक कमी.

२०१० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर अशाच प्रकारचे सराव केले. ज्या कोड्यांचा सराव केला त्यांत ते तरबेज झाले, पण इतर चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही. ते सारे साठीच्या आतले होते, त्यामुळे हा निष्कर्ष आजीला जसाच्या तसा लावता येणार नाही. उलट २०१२ मध्ये कावाशिमांच्याच सहकाऱ्यांनी ज्येष्ठांच्या एका छोट्या गटावर केलेल्या चार आठवड्यांच्या प्रयोगात, टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा गेम खेळणाऱ्यांपेक्षा हा गेम खेळणाऱ्यांची काही चाचण्यांतील प्रगती अधिक दिसली. एवढ्या आधारावर विसरावरचा उपाय म्हणून तो आजीच्या हाती देणे मला पटत नाही.

खरी अडचण तर निराळीच आहे. तिथे मिळणारी प्रत जपानी असणार. इंग्रजी प्रत मागवलीस तरी आजीला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणजे मोठ्याने वाचणे आणि रंग सांगणे दोन्ही बाद. उरली गणिते. त्यांची उत्तरे पडद्यावर पेनने लिहावी लागतात आणि आजी आकडे देवनागरीत लिहिते. तिचा १ त्या यंत्राला ९ वाटेल आणि ४ हा ८ वाटेल; मग तोंडी हिशेबात किराणा दुकानदाराला आजही मागे टाकणाऱ्या बाईला ते यंत्र ऐंशी वर्षांचा मेंदू बहाल करील, आणि ते ती मुळीच ऐकून घेणार नाही!

म्हणून डीएस घेऊ नकोस. तुला स्वतःला खेळावासा वाटला तर अवश्य घे. गेम म्हणून तो सुबक आहे. म्हातारपणी विसर वाढण्यामागे बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईडचा दोषही असू शकतो, म्हणून या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेत आहे. रक्ततपासणीचे अहवाल आले की तुला पाठवतो. ते पाहून रविवारी फोन कर.

तुझा,
बाबा